पॉइंट टू-टूचा झिरो किती मीटरवर घ्यायचा?

पॉइंट टू-टू रायफलवर दुर्बीण बसली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, झिरो किती मीटरवर करू?" झिरो करणं म्हणजे ठरावीक अंतरावर नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी दुर्बीण जुळवणं. उत्तर एका आकड्यात देता येतं: बहुतेकांनी ५० मीटरवर करावा. पण नुसता आकडा घेऊन गेलेला मुलगा पंधरा दिवसांनी परत येतो. ५० वर गोळ्या मधोमध लागतात, २५ वर वर जातात आणि १०० मीटरवर टार्गेटचा कागद कोराच राहतो. "दुर्बीण खराब निघाली का, सर?" दुर्बीण ठणठणीत असते. गोळी कुठल्या वाटेने जाते हे त्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं. ती वाट एकदा डोळ्यांसमोर उभी राहिली की झिरो कुठे घ्यायचा आणि दुसऱ्या अंतरावर नेम किती वर धरायचा, हे दोन्ही प्रश्न एकदमच सुटतात. म्हणून आधी वाट, मग आकडे.

पॉइंट टू-टू हे रिमफायर जातीचं काडतूस. रिमफायर म्हणजे काय, ते थोडक्यात. या काडतुसाच्या बुडाला जी बारीक कड असते, तिच्या आत पेट घेणारा मसाला भरलेला असतो. फायरिंग पिन बुडाच्या मधोमध न आपटता त्या कडेवर आपटते. आपण ज्याला पॉइंट टू-टू म्हणतो ते .२२ एल.आर. (लाँग रायफल) काडतूस हे यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं. त्यातली शिशाची गोळी साधारण ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची. सरावाच्या आणि मॅचच्या काडतुसात ती नळीतून सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने सुटते. फौजेच्या रायफलीची गोळी याच्या अडीच-पावणेतीन पट वेगात जाते. सगळा फरक इथे पडतो. पॉइंट टू-टूची गोळी हळू आहे, हलकी आहे, आणि हळू जाणाऱ्या वस्तूला खाली पडायला वेळ मिळतो.

तिचा वेग मुद्दाम इतकाच ठेवतात. २० अंश तापमानात आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. गोळी आवाजापेक्षा जोरात सुटली आणि वाटेतच आवाजाच्या वेगाखाली आली, तर त्या टप्प्यावर तिला हादरे बसतात आणि ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा झुबका, फाकतो. मॅचची गोळी पहिल्यापासून आवाजाच्या मागेच राहते, म्हणून ती शांतपणे जाते.

आता वाट.

उन्हाळ्यात खिडकीतल्या कूलरमध्ये आपण अंगणातून पाईपने पाणी भरतो. पाईप कूलरच्या रेषेत सरळ धरला तर धार खिडकीच्या खाली भिंतीवर आपटते. तोंड थोडं वर उचललं की धार आधी चढते, मग वाकते आणि बरोबर टाकीत पडते. डोळा मात्र सरळ टाकीकडेच बघत असतो. रायफलीत हेच होतं. दुर्बिणीतून दिसणारी नजरेची रेषा दोरी ताणावी तशी सरळ असते, गोळीची वाट कमानीसारखी. नळी नजरेच्या रेषेच्या खाली असते, साधारण ४ सेंटिमीटर, म्हणून गोळी रेषेच्या खालून सुटते. नळी किंचित वर रोखलेली असल्यामुळे ती चढत चढत रेषा ओलांडते, थोडा वेळ रेषेच्या वर राहते आणि पुढे उतरताना रेषेला पुन्हा छेदून खाली जाते.

म्हणजे गोळी नजरेच्या रेषेला दोनदा भेटते, हे नीट लक्षात ठेवा. ५० मीटरवर झिरो केलेली रायफल जवळजवळ १६ मीटरवरही झिरोच असते. गोळी चढताना तिथे एकदा रेषेला शिवून गेलेली असते.

नळी अगदी आडवी धरली तर गोळी ५० मीटरपर्यंत पोहोचायला सेकंदाचा जेमतेम सहावा हिस्सा घेते आणि तेवढ्यात १२ सेंटिमीटरहून थोडी जास्त खाली येते. १०० मीटरला तिला एक तृतीयांश सेकंद लागतो आणि ती ५३ सेंटिमीटर खाली येते. अंतर दुप्पट झालं, घसरण चौपटीहून जास्त झाली. चौपट कशी, तर पडणं वेळेच्या वर्गाने वाढतं. चौपटीहून जास्त का, तर हवेच्या रोधाने गोळी वाटेत मंदावते आणि दुसऱ्या ५० मीटरला पहिल्यापेक्षा जास्त वेळ घेते. १०० मीटरवर कोरा राहिलेला कागद याच हिशेबातला असतो.

झिरो करणं म्हणजे नळी आणि नजर यांच्यातला कोन ठरवून त्याला कुलूप लावणं. तो कोन रायफलीत आधीपासून नसतो, आपण ठरवतो. आपल्या नागपुरात सीताबर्डीजवळ झिरो माईलचा खांब उभा आहे. त्या जागी जमिनीतच काही शून्य आहे असं नाही. मोजणी इथून धरायची असं ठरलं, म्हणून तो शून्य. रायफलीचा झिरोही तसाच. कुठून मोजायचं हे तुमच्या कामावर ठरतं, आणि मोजायला सुरुवात केल्यावर तो मध्येच हलवायचा नाही.

पुढचे सगळे आकडे ४० ग्रेनची गोळी, सेकंदाला ३२६ मीटर वेग आणि नळीपासून ४ सेंटिमीटर उंच दुर्बीण धरून काढले आहेत. तुमचे थोडे इकडेतिकडे येतील. किती, ते कसं शोधायचं हेही पुढे आहे.

२५, ५० की १००

५० मीटरच्या झिरोपासून सुरुवात करू. १० मीटरवर गोळी नजरेच्या रेषेच्या १.२ सेंटिमीटर खाली लागते. १६ वर बरोबर. २५ वर १.२ सेंटिमीटर वर. ३०-३५ मीटरवर कमानीचा माथा, तिथे दीड सेंटिमीटर वर. ४० वर १.३ वर, ५० वर शून्य. ६० वर मात्र २.४ सेंटिमीटर खाली, ७५ वर ८ सेंटिमीटरहून जास्त खाली, १०० वर २४ सेंटिमीटर खाली.

या ओळीत एक मोठी सोय दडलेली आहे. ३ सेंटिमीटर रुंदीचा गोल डोळ्यांसमोर आणा, जेमतेम एक रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा. १० मीटरपासून ५५ मीटरपर्यंत कुठेही तो टांगा आणि मधोमध नेम धरा. गोळी त्या गोलातच जाईल. वर-खाली काही करायचं नाही, आठवायचंही नाही. मी ५० मीटरचा आग्रह धरतो तो यामुळे. पॉइंट टू-टूचं रोजचं काम ज्या पट्ट्यात चालतं, तो जवळपास सगळा पट्टा या एका झिरोत झाकला जातो.

२५ मीटरचा झिरो नव्या मुलांना आवडतो, कारण २५ वर भोकं डोळ्यांनी दिसतात. तिथे कमान नजरेच्या रेषेला जेमतेम शिवते. २५ पासून ३२ मीटरपर्यंत गोळी रेषेवरच चाललेली असते, अर्धा मिलिमीटर काय तो फरक. पण ५० वर ती २.४ सेंटिमीटर खाली आणि १०० वर २९ सेंटिमीटर खाली. तुमची रेंज २५ मीटरचीच असेल आणि पुढे जायचंच नसेल, तर हा झिरो चांगला. नाहीतर मी तो फक्त पहिल्या पाच गोळ्या कागदावर आणण्यासाठी वापरतो. त्यात आणखी एक धोका आहे. २५ वर मधल्या बिंदूपासून राहिलेली ३ मिलिमीटरची चूक तुम्हाला दिसतही नाही, पण १०० वर तीच १२ मिलिमीटर होऊन बसते.

१०० मीटरचा झिरो मोठ्या रायफलीवरून आलेले लोक सवयीने घेतात. पॉइंट टू-टूला तो बहुधा जाचक ठरतो. १०० वर शून्य यायचं तर कमान इतकी उंच करावी लागते की ५०-६० मीटरवर गोळी १२ सेंटिमीटर वर जाते आणि २५ वरही ७ सेंटिमीटर वर असते. मधल्या प्रत्येक अंतरावर नेम खाली धरावा लागतो. घाईत खाली धरायचं विसरणं वर धरायचं विसरण्यापेक्षा सोपं असतं, हे मी मुलांच्या कागदांवर पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. फक्त १०० वरच मारायचं असेल तर खुशाल घ्या.

ऑलिंपिकची ५० मीटर रायफल ही या सगळ्यातून सुटलेली दुनिया आहे. तिथे दुर्बीण चालत नाही, भोकाची साईट असते, आणि अंतर कधीच बदलत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसळेने २०२४ साली पॅरिसमध्ये थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने) कांस्यपदक जिंकलं, तेव्हा त्याची प्रत्येक गोळी ५० मीटरचीच होती. तिथे झिरोचा प्रश्नच नाही, प्रश्न १०.४ मिलिमीटरच्या दहाच्या वर्तुळाचा असतो. आपल्या मुलांना मात्र सरावात, दुर्बिणीच्या रायफलीवर, वेगवेगळ्या अंतरांच्या खेळात उतरायचं असतं. त्यांच्यासाठी पुढचा भाग.

वर धरायचं किती

झिरोपेक्षा दूरच्या टार्गेटवर नेम वर धरणं, म्हणजे होल्डओव्हर. मधल्या पट्ट्यात खाली धरावं लागतं, तो होल्डअंडर. रेंजवर दोन्हीला 'होल्ड' म्हणूनच मोकळे होतात.

'२४ सेंटिमीटर वर' हे डोळ्याने मोजता येत नाही. १०० मीटरवरच्या कागदाच्या वर कोऱ्या मातीत २४ सेंटिमीटर कुठे संपतात हे कोण सांगणार? म्हणून दुर्बिणीच्या रेटिकलवर, म्हणजे आत दिसणाऱ्या क्रॉसवर, खुणा असतात, आणि त्या सेंटिमीटरमध्ये नसून कोनात असतात. बहुतेक नव्या दुर्बिणींत हा कोन मिलमध्ये असतो. मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग. १०० मीटरचा हजारावा भाग १० सेंटिमीटर, ५० मीटरचा ५ सेंटिमीटर. बस, एवढंच. १०० वर गोळी २४ सेंटिमीटर खाली जाते, मग होल्ड २.४ मिल. ६० वर २.४ सेंटिमीटर खाली, ६० मीटरचा मिल ६ सेंटिमीटरचा, म्हणून होल्ड ०.४.

काही दुर्बिणी एम.ओ.ए.मध्ये असतात. तो एका अंशाचा साठावा भाग, १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर. त्याही चालतात. फक्त रेटिकल एका मापात आणि डायलचे (दुर्बिणीवरच्या नेम सरकवणाऱ्या चकतीचे) क्लिक दुसऱ्या मापात अशी दुर्बीण घेऊ नका. जुन्या स्वस्त दुर्बिणींत तसं असायचं, आणि ऐन वेळी मनातल्या मनात भागाकार करत बसावं लागतं.

मिलमध्ये विचार करायला लागलं की एक गंमत समोर येते, आणि ही समजली तर विषय समजला असं मी मानतो. १० मीटरवर गोळी १.२ सेंटिमीटर खाली लागते. १० मीटरचा मिल फक्त १ सेंटिमीटरचा. म्हणजे १० मीटरवर होल्ड हवा १.२ मिल वर. आता ७७ मीटर घ्या. तिथे गोळी ९.३ सेंटिमीटर खाली असते, मिल ७.७ सेंटिमीटरचा, होल्ड पुन्हा १.२. दहा मीटरवरच्या आणि सत्त्याहत्तर मीटरवरच्या टार्गेटला रेटिकलची एकच खूण लागते. दूरचं टार्गेट असलं की सगळे सावध होतात. नाकासमोरचं चुकतं, कारण तिथे वर धरायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

७७ हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. मेक्सिकोत सुरू झालेला धातूच्या सिल्हूटचा एक खेळ आहे. त्याच्या पॉइंट टू-टू प्रकारात लोखंडी कोंबड्या ४० मीटरवर, डुकरं ६० वर, टर्की ७७ वर आणि मेंढे १०० मीटरवर उभे केलेले असतात, आणि उभ्यानेच गोळी मारून ते पाडायचे असतात. झिरो आणि होल्ड समजून घ्यायला याहून चांगला गृहपाठ नाही. ५० च्या झिरोवर कोंबडीला ०.३ मिल खाली, डुकराला ०.४ वर, टर्कीला १.२ वर, मेंढ्याला २.४ वर. आणि झिरो ६० वर नेला तर कोंबडीवर गोळी जवळपास ३ सेंटिमीटर वर जाते, मेंढ्यावर २० सेंटिमीटर खाली. झिरो हलवला की पूर्ण तक्ता हलतो, एखादा आकडा नाही.

होल्ड धरायचा की डायल फिरवायचा? अंतर ठरलेलं असेल आणि वेळ असेल तर डायल फिरवा, क्रॉसच्या मधोमध नेम धरणं केव्हाही निवांत. ०.१ मिलचा एक क्लिक ५० मीटरवर ५ मिलिमीटर आणि १०० वर १ सेंटिमीटर सरकवतो. पाठोपाठ वेगवेगळ्या अंतरांवर मारायचं असेल तर होल्ड. पण डायल फिरवल्यावर परत शून्यावर आणायची शिस्त नसेल, तर माझा सल्ला होल्डचाच. विसरलेला डायल पुढच्या दिवशीचा सराव खातो.

दुर्बीण घेताना एक गोष्ट दुकानदाराला नक्की विचारा: मोठेपणा, म्हणजे मॅग्निफिकेशन, वाढवल्यावर रेटिकलही मोठं होतं का? होत असेल तर खुणा कुठल्याही मॅग्निफिकेशनवर खऱ्या असतात. रेटिकल तसंच राहत असेल तर खुणा एकाच मॅग्निफिकेशनवर खऱ्या, बहुधा सगळ्यात मोठ्यावर. अशा दुर्बिणीत मॅग्निफिकेशन निम्मं केलं की १ मिलची खूण २ मिलची होते, आणि तुमचे सगळे होल्ड दुप्पट पडतात.

तक्ता कागदावर बनतो

मोबाईलच्या ॲपमध्ये वेग, वजन, दुर्बिणीची उंची घातली की तक्ता तयार मिळतो. मीही तिथूनच सुरुवात करतो. पण डब्यावर छापलेला वेग कारखान्याच्या नळीतला असतो, तुमच्या नळीतला नाही. आणि वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला तर ५० वर गोळी पाऊण सेंटिमीटर आणि १०० वर ३ सेंटिमीटरहून जास्त वर-खाली होते. म्हणून ॲप हा अंदाज समजा. खरा आकडा कागदावरच्या भोकांतून येतो.

माझी पद्धत अशी. रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवायची, पुढे एक, दस्त्याखाली एक. आधी २५ वर कागदावर आणायची, मग ५० वर जायचं. ब्रँड बदलला असेल तर पहिल्या काही गोळ्या मोजायच्या नाहीत. प्रत्येक ब्रँडच्या गोळीवरचं मेण वेगळं असतं, नळीत त्याचा थर बसेपर्यंत गोळ्या भटकतात. मग पाच गोळ्यांचा ग्रुप. त्यातल्या एका भोकाकडे बघून क्लिक फिरवायचे नाहीत. ग्रुपचा मध्य काढायचा आणि तो सरकवायचा. पुन्हा पाच. शेवटी दहा गोळ्यांचा एक ग्रुप, नुसता खात्रीसाठी. तीन गोळ्यांवर झिरो ठरवणारे दर आठवड्याला झिरो बदलत राहतात. त्यांची रायफल जागेवरच असते, त्या तीन गोळ्या योगायोगाने एका बाजूला पडलेल्या असतात.

५० चा झिरो पक्का झाला की डायलला हात लावायचा नाही. आता मधोमधच नेम धरून १०, २५, ४०, ६०, ७५ वर पाच-पाच गोळ्या. प्रत्येक ग्रुप नेमाच्या बिंदूपासून किती खाली वा वर पडला ते पट्टीने मोजायचं, त्या अंतराच्या मिलने भागायचं. १०० मीटरची सोय सगळीकडे नसते. ती नसेल तर ७५ चा खरा आकडा ॲपमध्ये टाकून वेग असा बदला की ॲपचा ७५ तुमच्या ७५ शी जुळेल. मग ॲपने दिलेला १०० चा आकडा बराच विश्वासाचा असतो, आणि मिळेल तेव्हा तोही मारून बघायचा. हे सगळं एका दिवसात उरकायची घाई करू नका. थकलेल्या खांद्याने मारलेले ग्रुप खोटं बोलतात.

माझ्या दस्त्यावर चिकटवलेला कागद एवढाच आहे:

१० मी. – १.२ वर
१६ मी. – ०
२५ मी. – ०.५ खाली
४० मी. – ०.३ खाली
५० मी. – ०
६० मी. – ०.४ वर
७५ मी. – १.१ वर
१०० मी. – २.४ वर

खाली तारीख, तापमान आणि काडतुसाचा लॉट नंबर. लॉट नंबर नक्की लिहा. एकाच ब्रँडच्या दोन लॉटचा वेग सारखा नसतो, आणि चांगला जमलेला लॉट सापडला तर परवान्यात बसतो तेवढा एकदम घेऊन ठेवावा.

डब्यावर हाय व्हेलॉसिटी लिहिलेली काडतुसं वापरून १०० वरची घसरण कमी करावी, असं पुष्कळांना वाटतं. ती कमी होते हे खरं, २४ ऐवजी १९ सेंटिमीटरच्या आसपास. पण ती गोळी आवाजाहून जोरात सुटते आणि वाटेत आवाजाच्या खाली येते, त्याचे हादरे सोसते. शिवाय आडव्या वाऱ्यात ती हळू गोळीपेक्षा जास्त वाहते. ऐकायला उलटं वाटतं, पण वाऱ्याने होणारं सरकणं गोळी किती लवकर पोहोचली यावर ठरत नाही. वाटेत तिने किती वेग गमावला यावर ठरतं, आणि जोरात सुटलेली गोळी सुरुवातीलाच फार वेग गमावते. पाच सेंटिमीटर वाचवायला ग्रुप बिघडवणं मला पटत नाही. घसरण दरवेळी सारखीच असते, ती कागदावर लिहून ठेवता येते. वारा लिहून ठेवता येत नाही.

वाऱ्याचा आकडाही लक्षात असू द्या. सेकंदाला ३ मीटरचा, म्हणजे चेहऱ्याला नीट जाणवणारा आडवा वारा साध्या मॅच गोळीला ५० वर दोन-अडीच सेंटिमीटर आणि १०० वर ८-९ सेंटिमीटर ढकलतो. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आहे हे आठवा. म्हणून झिरो वारा पडलेल्या वेळी घ्या, आपल्याकडे म्हणजे सकाळी. दुपारच्या वावटळीत घेतलेला झिरो हा त्या वावटळीचा झिरो.

डिसेंबरचा झिरो आणि नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस)

"सर, एप्रिलात तं बरोब्बर लागत होतं, आता काऊन खाली चाललं?" डिसेंबर लागला की हे वाक्य रेंजवर ऐकू येतंच. नागपूरची हवा वर्षभरात १० अंशांवरून ४५ च्या वर जाते, आणि झिरो त्या हवेबरोबर थोडा सरकतो.

यात दोन गोष्टी असतात. पहिली हवा. ४५ अंशांची हवा १० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे एक दशांशाने विरळ असते, गोळीला रोध कमी होतो. पण पॉइंट टू-टूच्या अंतरात याचा फरक फारसा नाही, १०० वर सेंटिमीटरभराच्या आत. समुद्रसपाटीपासूनची आपली उंचीही जेमतेम हजार फूट, तीही बाजूला ठेवता येते. दुसरी गोष्ट काडतुसातली दारू. गार दारू हळू जळते, वेग उतरतो. गरम दारूत वेग चढतो. हा फरक काडतुसागणिक वेगळा असतो आणि हवेपेक्षा जास्त जाणवतो. उन्हात तापलेल्या कारच्या डिकीतून काढलेला डबा आणि सावलीतल्या पिशवीतला डबा एकाच दिवशी दोन ठिकाणी लागू शकतात. काडतुसं सावलीत ठेवा, आणि तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस घालून बोलत बसू नका.

मे महिन्यात तिसरीही एक गोष्ट असते. सकाळी नऊनंतर जमीन तापली की टार्गेटच्या समोरची हवा लाटांसारखी हलायला लागते आणि काळा गोल जिथे आहे त्याच्या थोडा वर किंवा वाऱ्याच्या दिशेला दिसतो. तेव्हा झिरो बिघडलेला नसतो, टार्गेटच सरकलेलं दिसत असतं. अशा वेळी डायल फिरवणाऱ्या मुलाचा हात मी धरतो.

आणखी दोन चुका वारंवार दिसतात. एक, रायफल कलती धरणं. १०० मीटरवर ५ अंश कलली तर गोळी कललेल्या बाजूला साडेचार सेंटिमीटर जाते. पॉइंट टू-टूची नळी जास्त वर रोखलेली असते, म्हणून तिला कल जास्त नडतो. दुर्बिणीवर छोटी पाणसळ लावा. दुसरी, पॅरॅलॅक्स. डोळा थोडा इकडेतिकडे झाला की क्रॉस टार्गेटवर फिरतो. रिमफायरसाठी बनवलेल्या दुर्बिणीत हे ५० यार्डांच्या आसपास जुळवलेलं असतं, मोठ्या रायफलीच्या दुर्बिणीत बहुधा १०० यार्डांवर. तशी दुर्बीण ५० वर वापरत असाल तर गाल दस्त्यावर दरवेळी एकाच जागी टेकवा.

हे सगळं कागदासाठी आणि लोखंडी टार्गेटसाठी आहे, हे पुन्हा सांगायला मला संकोच वाटत नाही. आपण पेंच आणि ताडोबाच्या शेजारी राहतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. पॉइंट टू-टू रायफलीला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, आणि ज्याच्याकडे तो नाही त्याने क्लबच्या रायफलीवर, प्रशिक्षकासमोरच शिकावं. ही गोळी छोटी दिसते, पण वर रोखलेल्या नळीतून ती दीड किलोमीटरच्या आसपास जाते. होल्डओव्हर धरताना नळी टार्गेटच्या वर असते. म्हणून मागे मातीचा बांध किती उंच आहे ते आधी बघायचं, मग रेटिकलची खूण शोधायची.

माझ्याकडे दस्त्यावरचे कागद दोन आहेत. एक जानेवारीतल्या सकाळचा, दुसरा मे महिन्यातल्या सकाळचा. ५० चा आकडा दोन्हीवर शून्यच लिहिलेला आहे, पण मे महिन्यात तो शून्य यायला मला डायल एक क्लिक खाली घ्यावा लागतो, आणि १०० समोर २.४ च्या जागी २.३ लिहिलेलं आहे.